नाटकाच्या ट्रकचं मॉड्यूल

आमच्या धंद्यात मला वायरमन म्हणतात. ट्रकचं इंजिन माझं नाही, गिअर माझा नाही. बॅटरीपासून निघून वायर जिथे जिथे जाते तेवढा मुलूख माझा. अँटॉप हिलच्या पायथ्याशी ट्रक उभे राहतात तिथे माझा गाळा आहे, घर लालबागला. पहिली वीस वर्षं मी एका बल्बवर काढली. दोन वायरी जोडलेला बल्ब. पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. मग ट्रकमध्ये कंप्युटर आले आणि पन्नाशीला टेकलेला मी, मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून, त्या कंप्युटरांतला बिघाड वाचणारा स्कॅनर शिकलो. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

त्या सोमवारी जो ट्रक आला तो नाटकाचे सेट वाहणारा. मालक आणि ड्रायव्हर एकच, गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातले साठीचे गृहस्थ. त्यांच्या घरातले बाकी सगळे ऑफिसांत. हे एकटेच स्टिअरिंगवर रमले. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणतो.

“वायरमन, गाडीला भूत लागलंय,” अंकल म्हणाले. “डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरतो. हेडलाइट मधेच जातात. केबिनचा दिवा विझतच नाही. दोघांना दाखवली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टिअरिंगखालचा स्विच बदलला. भूत तिथेच. शनिवारी दादरला प्रयोग आहे, सेट माझ्याकडे.”

मी स्कॅनर लावला. इंजिनचा कंप्युटर बोलला, ब्रेकचा बोलला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल मात्र कधी बोलायचं, कधी गप्प. हे मॉड्यूल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेला एक काळा डबा. दिवे, वायपर, हॉर्न, दरवाज्यांची लॉकं, सगळ्यांना हुकूम हाच सोडतो. बॅटरी सोडवून मी तो बाहेर काढला. एका सॉकेटच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. झाकण उघडलं तर आतही हिरवं.

“हे तुमचं भूत,” मी अंकलना दाखवलं.

नवीन मॉड्यूल बुधवारी आलं. ते कोरं असतं. आपण कुठल्या ट्रकमध्ये बसलोय, किती दिवे, कुठली चावी, हे त्याला काही माहीत नसतं. जुनं अधूनमधून बोलत होतं तेव्हाच मी त्याच्यातली सगळी माहिती उतरवून ठेवली होती. ती नव्यात भरली, चाव्या शिकवल्या. हेडलाइट लावून पाहिले, ठीक. बंद करून इंडिकेटर, ठीक. वायपर, हॉर्न, एकेक करून सगळं ठीक. अंकलनी माझा हात हातात घेतला. बाजूच्या गाळेवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी चहा मागवला.

गुरुवारी दुपारी अंकलचा फोन आला. हिंदमाताच्या सिग्नलला ट्रक उभा होता. आत गरम होतं म्हणून पंखा चालू, पुलाखाली अंधारलेलं म्हणून हेडलाइट चालू, पाय ब्रेकवर. डावीकडे वळायला इंडिकेटर दिला आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले.

“साडीच्या दुकानांतल्या बायका हसतायत रे माझ्याकडे बघून,” ते म्हणाले. मग थांबून, “नवीन पण गेला काय?”

“गाडी घेऊन या,” मी म्हटलं.

घरी आलो तो तोंड पाडून. बायकोने ताट वाढलं. जेवण झाल्यावर मी त्या ट्रकचे वायरिंगचे नकाशे टेबलावर पसरले. छापील, इंग्रजीत, मुंग्यांच्या रांगांसारख्या रेषा.

इथे तिच्याबद्दल सांगायला हवं. लग्नाआधीपासून ती फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होती. ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्याने काढलेले नकाशे शाईने गिरवायचे, एक रेष जाड नाही, एक बारीक नाही. मग ऑफिसात कंप्युटर आले आणि ट्रेसर घरी गेले. ज्या यंत्राने मला पन्नाशीत पुन्हा कामाला लावलं, त्यानेच तिचं काम पस्तिशीत बंद केलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

ती माझ्या बाजूला येऊन बसली. “हे काय, हे काय” करत प्रत्येक खूण विचारून घेतली. मग पेन्सिल घेतली आणि न टेकवता, कागदाच्या वर बोटभर उंचीवरून एकेक रेष फिरवत गेली. अर्धा तास गेला असेल.

“अहो, डावा इंडिकेटर, हेडलाइट, वायपरची मोटर, पंखा आणि तुमचा तो डबा,” ती म्हणाली, “ह्या सगळ्यांच्या रेषा वेगवेगळ्या निघतात, पण संपतात एकाच ठिपक्यावर.”

“ते अर्थ. करंटची परतीची वाट,” मी म्हटलं. “सगळ्यांना लागते.”

आम्ही दोघं मालवणचे. तिला काही नेमकं विचारायचं असलं की ती मालवणीत शिरते.

“मगे ह्यो ठिपको गाडीत खंय आसा?”

दोन दिवस मी त्या डब्याकडे बघत होतो. तो कुठे पाय टेकून उभा आहे हे मी पाहिलंच नव्हतं. आणि बुधवारी मी एकेक दिवा लावून पाहिला होता. हिंदमाताला सगळं एकदम चालू होतं.

शुक्रवारी सकाळी तिला म्हटलं, “चल, तुझा ठिपका बघायला.” इतक्या वर्षांत ती गाळ्यावर दोनदा आली असेल. त्या दिवशी साडीचा पदर खोचून, नकाशा हातात घेऊन आली. अंकल खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मी हेडलाइट, पंखा, ब्रेक, इंडिकेटर सगळं एकदम लावलं. मीटरची एक तार मॉड्यूलच्या अर्थच्या पिनवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. शून्याच्या आसपास यायला हवं. तीन व्होल्ट आले. वाट तुंबली होती. परतीची वाट तुंबली की करंट शेजाऱ्याच्या घरातून रस्ता काढतो. इंडिकेटरचा करंट वायपरच्या घरात शिरत होता.

नकाशात तो ठिपका केबिनच्या डाव्या कोपऱ्यात, पायाशी होता. मॅट उचलली. खाली ओल, आणि गंजाने फुगलेला एक बोल्ट. वरच्या वायरवरून हात नेला तर ती डाव्या खांबातून येत होती, आणि खांब पुढच्या काचेपाशी ओला.

“अंकल, काच कधी बदलली होती?”

“गेल्या वर्षी.”

काचेच्या रबरातून पावसाचं आणि गाडी धुतानाचं पाणी झिरपत होतं, वायर धरून उतरत होतं. एका फाट्याने मॉड्यूलमध्ये, दुसऱ्याने बोल्टवर. मॉड्यूल मेलं होतं हे माझं निदान खरं होतं. ते कशाने मेलं हे मी शोधलं नव्हतं.

मी अंकलसमोर उभा राहून तेच सांगितलं. “बुधवारी मी अर्धंच काम केलं होतं. उरलेलं अर्धं हिने केलं.”

अंकल म्हणाले, “चाळीस वर्षं गाडी चालवतो. ‘चूक माझी’ म्हणणारा वायरमन पहिल्यांदा भेटला.” मग तिच्याकडे वळून, “आणि वहिनी, तुमच्यासारखं नकाशा वाचणारं पण.”

बोल्ट काढला, खालचा पत्रा घासून चकचकीत केला, वायरीला नवीन टोक बसवलं. काचवाल्याला बोलावून रबर नवीन घातलं. मग अर्धा तास काचेवर पाइपने पाणी मारलं. बायको केबिनमध्ये बसून खांबावर हात फिरवत “कोरडं, कोरडं” असं ओरडून सांगत होती. नव्या मॉड्यूलची सगळी सॉकेटं सोडवून पाहिली, पिना स्वच्छ होत्या. शेवटी तिनेच स्विच दाबले, वायपरचा सोडून सगळे एकदम. वायपर जागचा हलला नाही. मीटरवर शून्याला चिकटून आकडा. ती खिडकीतून माझ्याकडे बघून हसली. नोकरी सुटल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सेट वेळेवर पोचला. अंकलनी आम्हाला नाटकाला बोलावलं, आणि पडदा उघडण्याआधी सेट लावणाऱ्या माणसांना एकेक करून तिची ओळख करून दिली. “ह्या वहिनी. ट्रक ह्यांनी सोडवला.” ती लाजून पदर सावरत होती. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि माझी छाती फुगत होती.

आता आठवड्यातले तीन दिवस ती गाळ्यावर येते. आजूबाजूचे वायरमन अडले की नकाशा घेऊन येतात. मी दारातच असतो. ते मला ओलांडून आत बघतात आणि विचारतात, “वहिनी आल्यात काय?”