दाराशी काढलेल्या चपला

पडद्यावर एक धर्मशाळा होती, आत शेकोटी पेटलेली, आणि दारात मी उभी होते. मी म्हणजे भाला घेतलेली, निळ्या केसांची एक उंच योद्धी. माझ्या मुलीने, केतकीने, हा ऑनलाइन खेळ लावून दिला होता. "आई, इथं तू म्हणून बोलायचं नाही, ती होऊन लिहायचं," एवढंच सांगून ती कामाला लागली. आत पाच-सहा मराठी खेळाडूंची पात्रं लिहून गप्पा मारत होती.

मी 'नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. योद्धी नमस्कार करते का? बँकेत इतकी वर्षं अनोळखी माणसांशी बोलले, पण तेव्हा मध्ये काउंटर होता. हवं ते होता येईल म्हटल्यावर आपण कोणीच नाही असं का वाटावं, कळेना. शेवटी जीव मुठीत धरून एक ओळ पाठवली, 'ती चपला दाराशी काढून आत आली.'

पाठवल्यावर लक्षात आलं. अंगात चिलखत, आणि पायांत चपला. आतलं सगळ्यांचं लिहिणं थांबलं. आता हसतील म्हणून मी खेळ बंद करायला हात नेला.

तेवढ्यात शेकोटीजवळच्या राक्षसाची ओळ उमटली, 'त्याने आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग उठून ते काढले आणि तिच्या चपलांशेजारी ठेवले.'

मी हात मागे घेतला. लगेच त्याची दुसरी ओळ आली, 'कुठून आलीस?'

मी 'बँकेतून' लिहिलं आणि पुन्हा खोडलं.