पांढऱ्या साड्यांची जाहिरात, फक्त पहिल्या मजल्यावर

बिदरमधल्या एका मोठ्या कापड दुकानात मी कॉम्प्युटरवर बसते. तळमजल्यावर पुरुषांचे आणि लेकरांचे कपडे, पहिल्या मजल्यावर साड्या, दुसऱ्यावर लग्नाचा बस्ता. मी मूळची हुलसूरकडची, आता नौबादला खोली करून राहते. मालावर लावायच्या चिठ्ठ्या छापणं हे माझं काम होतं. दुकानातल्या गाण्यांचं काम नंतर माझ्याकडं आलं, आणि ते मी मागून घेतलं.

मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, इंटरनेटवरून येणारं संगीत दुकानात सुरू केलं. कंपनीचा माणूस आला, तिन्ही मजल्यांवर स्पीकर बसवले आणि पडद्यावर कुठं काय दाबायचं ते अर्ध्या तासात दाखवून गेला. गाणी आपोआप येतात. त्यांच्या मधे दुकानाच्या जाहिराती घालायच्या, तर कोणती जाहिरात, किती वाजता, किती गाण्यांनंतर आणि कोणत्या मजल्यावर, ते आपण ठरवायचं. अण्णांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: दर दोन गाण्यांनंतर, दिवसभर, सगळ्या मजल्यांवर.

त्या जाहिराती बाहेरून करून आणल्या होत्या. मराठीत बोलणारा गृहस्थ पुण्याकडच्या शुद्ध भाषेत म्हणायचा, "आमच्या भव्य दालनास एकदा अवश्य भेट द्या." गिऱ्हाईक दालनात उभं असायचं, हातात साडी असायची, आणि तो त्याला दालनात यायचं आमंत्रण द्यायचा. साड्यांच्या काउंटरवर चाचा असतात. त्यांची सगळी उमर त्याच गादीवर गेली. लोक कानात अत्तराचा फाया सुवासासाठी ठेवतात. चाचांनी तो आवाज अडवायसाठी आत ढकलला होता.

"बेटी," ते एक दिवस मला म्हणाले, "उस आदमी को कुछ करो. मैं साडी का भाव बताता हूँ, वो बीच में दावत देता."

मी अण्णांकडं गेले. म्हटलं, "अण्णा, हे मी बघते. एक आठवडा द्या."

"तुला येतंय का?"

"येतंय."

आठवडाभर मी चिठ्ठ्या छापून झाल्या की मजल्यांवर उभी राहिले आणि ऐकलं. सकाळी हुलसूर, भालकीकडच्या बसा लागल्या की दुकानात मराठी येते. दुपारी बायका जरा टेकतात, तेव्हा कुणाला काहीच ऐकायचं नसतं. शुक्रवारी नमाज झाल्यावर दखनी येते. संध्याकाळी गावातली घरं येतात, ती कन्नडमधे बोलतात. एवढं कळलं, मग लावणं सोपं होतं. सकाळी मराठी, संध्याकाळी कन्नड, शुक्रवारी दुपारनंतर चाचांच्याच तोंडून उर्दू, आणि दोनपासून चारपर्यंत नुसती गाणी. मराठी जाहिरात मी स्वतः बोलले, मोबाईलवर, कपड्यांच्या गठ्ठ्यांमधे बसून, म्हणजे घुमत नाही. भेट द्या वगैरे सगळं काढलं. "बस्ता दुसऱ्या मजल्यावर हाय. म्हाताऱ्या माणसांनी जिना चढू नका, मागच्या बाजूला लिफ्ट हाय." लोक मान वर करून ऐकायचे आणि खरोखर लिफ्टकडं जायचे. माझं काम चांगलं झालं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मार्चमधे लगीनसराई लागली आणि तिच्या मागोमाग एप्रिलातली जयंती येणार होती. आम्ही बौद्ध. जयंतीला आमच्या बायका पांढरी साडी नेसतात. आमच्या लग्नात नवरीही पांढरीच नेसते. दुकानात पांढऱ्या साड्या चांगल्या होत्या, पण जिन्याखाली, पाठीमागच्या फळीवर. मी अण्णांना म्हटलं, त्यांची जाहिरात करू.

अण्णा दचकलेच. "लगीनसराईत पांढऱ्याचं नाव? नको अक्का, बेडा. लोकं काय म्हणतील?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले आणि ताईच्या लग्नाचं सांगितलं. आई एका दुकानात, आमच्या नव्हे, दुसऱ्या, पांढरी साडी मागायला गेली. विकणाऱ्यानं आवाज बारीक करून विचारलं, "कोण वारलं?" आई म्हणाली, "कुणी न्हाई वारलं. लेकीचं लगीन हाय." तो शेजारच्याकडं बघून हसला. आई तशीच उठली. ताईची साडी उदगीरहून आणली.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमच्यात नवरी पांढरं नेसती?"

"व्हय. काठ निळा, न्हाईतर सोनेरी."

"एवढी वर्षं इकायलोय मी. कुणी सांगितलंच न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई, अण्णा."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "कर," म्हणाले. "पण वर बस्त्यावर नको. तिथं लोकं शकुन बघतात."

ते मला पटलं. पहिल्या मजल्यावर, सकाळी अकरा ते एक, चार गाण्यांनंतर एकदा. मी बोलले, "लग्नाला, जयंतीला, पांढऱ्या साड्या आल्यात. निळ्या काठाच्या, सोनेरी काठाच्या. जिन्याजवळ मागा." पहिल्या आठवड्यात सगळं नीट चाललं.

दुसऱ्या सोमवारी मी चुकले. नवा आठवडा लावताना मागच्याची नक्कल घेता येते. नक्कल घेतली की मजल्याची खूण परत 'सगळे' वर जाते. हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मी बघितलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला चाचांनी जिन्यातून हाक मारली, "बेटी, ऊपर जाओ!" मी जिन्यानं पळाले. औरादकडचं शेतकरी कुटुंब बस्त्याला बसलं होतं, पंधरा-वीस माणसं. नवरीच्या खांद्यावर शालू टाकलेला, आणि बरोबर त्याच वेळी माझा आवाज वाजला होता, लग्नाला पांढऱ्या साड्या. नवरीची आजी उभी राहिली होती. "उठा सगळे. हितं घ्यायचं न्हाई. कामून असलं अभद्र लावलाव?"

सेल्समन एकमेकांकडं बघत होते. मी पुढं झाले.

"आजी, तो आवाज माझाय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुठली तू?"

"हुलसूरची."

"कुणातली?"

मी सांगितलं. आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. "आमच्यात नवरी पांढरं नेसती, आजी. माझी ताई नेसली. दोन लेकरं हायती तिला, सुखात हाय. ते खालच्या मजल्यासाठी होतं, माझ्या हातनं हितं वाजलं."

"म्हंजी चूक तुझीच की."

"चूक मजल्याची झाली. पांढऱ्याची न्हाई."

शालू खांद्यावर असलेली नवरी तेवढी माझ्याकडं बघत होती. मग आजी सावकाश परत गादीवर टेकली. तिनं माझं कौतुक केलं नाही, आणि मला ते नकोच होतं. ती एवढंच म्हणाली, "मग बंद कर ते सगळं. आमचं होऊस्तोवर गाणंबी नको."

मी दुसरा मजला पूर्ण बंद केला. बस्ता दोन तास चालला, आणि नुसत्या घड्या उलगडल्याचा आवाज येत होता. त्यांनी सगळं घेतलं. जाताना नवरीनं जिन्याजवळ थांबून एका पांढऱ्या साडीचा काठ हातात धरून बघितला आणि सोडला.

अण्णा दुपारी जेवून आले, तेव्हा मीच आधी जाऊन सांगितलं. ते चिडले, आणि बरोबर चिडले. "नीट बघायचं न्हाई का? काढून टाक ती जाहिरात."

"काढायची न्हाई, अण्णा. मजला दुरुस्त केलाय. आता सोमवारी नवा आठवडा लावला की चाचांना दाखवल्याशिवाय मी उठत न्हाई."

"आन् परत झालं तर?"

"तर माझ्याकडनं हे काम काढून घ्या."

"आयतु," अण्णा म्हणाले. बरं, म्हणजे.

त्याच आठवड्यात भालकी तालुक्यातल्या बायका आल्या, सातजणी, एका घरातल्या. पायरी चढताच एकीनं विचारलं, "पांढऱ्या साड्याचं कोण सांगतंय? शेजारणीनं ऐकलं म्हणून आलाव." चाचांनी जिन्याखालची फळी रिकामी केली आणि सगळा ढीग पुढं गादीवर मांडला. त्यातलीच एक नवरी होती. तिनं पाच साड्या अंगावर लावून बघितल्या, पाचही नाकारल्या, परत पहिलीच घेतली. चाचा तिच्या आईला म्हणाले, "मुबारक हो अक्का," आणि त्यानंतर ते पांढऱ्या साड्या पुन्हा जिन्याखाली ठेवत नाहीत.

ऑक्टोबरात आमचा धम्मदीक्षेचा दिवस येतो, तेव्हाही बायका पांढरंच नेसतात. त्याच्या तोंडावर अण्णा स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "ह्या वेळी कधीपासून लावतीस?" मी म्हटलं, सोमवारपासून. ते म्हणाले, कलबुर्गीकडची मंडळीपण येतात, त्यांची बोली कन्नड, त्यांच्यासाठी कन्नडमधे का नाही? मी म्हटलं, माझ्या कन्नडला लोक हसतील, तुम्ही बोला. अण्णा गठ्ठ्यांमधे जाऊन बसले, खाकरले, आणि "बिळी सीरे", म्हणजे पांढरी साडी, एवढं म्हणून थांबले. पुढचं विसरले. पाचव्या वेळेला जमलं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या मजल्यावर उगीच साड्या चाळत उभे राहिले, स्वतःचा आवाज येईपर्यंत, आणि मग मला येऊन सांगितलं की कन्नड जाहिरात मराठीपेक्षा जरा बारीक वाजायलीय.