प, ब, म टाळून आखलेली वाट

मी तोतरी आहे. लहानपणी होते आणि नंतर सुटलं, असं नाही. आज पन्नाशी उलटून गेल्यावरही आहे. प, ब, म, म्हणजे ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं, शब्दाच्या सुरुवातीला आली की माझ्या तोंडात हटून बसतात. बाकीची बरीचशी सरळ निघतात. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य दुसरा शब्द शोधण्यात गेलं. पापलेट हवं असताना मी हलवा मासा घेऊन घरी आले आहे. रिक्षावाल्याला पार्ला सांगता येईना म्हणून सांताक्रूझ सांगून तिथून मागे चालत आले आहे. चालायची सवय मला अशी लागली, तब्येतीसाठी वगैरे नाही.

त्याहून जास्त डोकं फिरवतात ती मदत करणारी माणसं. माझा शब्द अडला की समोरच्याला तो पुरा करून द्यायची भयंकर घाई होते. शिंप्याला पोपटी सांगायला गेले, प वर अडले, त्याने लगेच "पिवळा ना?" म्हटलं आणि मी मान डोलावली. माझ्याकडे तीन पिवळे ब्लाउज आहेत आणि मला पिवळा रंग अजिबात आवडत नाही. पण नाही म्हणायचं तर पुन्हा प पासून सुरुवात करायला लागते. त्यापेक्षा पिवळा परवडला.

या बाबतीत आमच्या ह्यांचा हात धरणारं कोणी नाही. नवरा मालवणचा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातला, बोलायला तोफ. माणूस प्रेमळ आहे, पण माझं वाक्य अर्ध्यात आलं की ते संपवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं माझी वाक्यं तोच बोलला असेल.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झाडं ओळखायला नेतात, हे मला शेजारणीकडून कळलं. गेटचं तिकीट सोडलं तर सगळं फुकट. नेणारे काका म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. त्यांचा एकच नियम होता: आत शिरल्यावर बोलायचं कमी आणि बघायचं जास्त. मला वाटलं, हा नियम माझ्यासाठीच कुणीतरी केलाय. तीन वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. सगळ्यांच्या मागे राहायचे, वहीत पानं चिकटवायचे, नावं लिहायचे. कोणी मला काही विचारलं तर वही पुढे करायचे. काकांनी मात्र माझा शब्द कधीच पुरा केला नाही. मी अडले की ते शांतपणे एखाद्या फांदीकडे बघत उभे राहायचे.

या जानेवारीत ते म्हणाले, "मी नाशिकला मुलीकडे राहायला चाललोय. फेब्रुवारीचा रविवार तू घे. पुढे कोणी घेणारं मिळालं तर चालू राहील, नाहीतर बंद."

"काका, तुम्ही मला ओळखता ना?" मी म्हटलं. एवढं म्हणायलासुद्धा बराच वेळ लागला.

"ओळखतो. झाडं तुझ्याइतकी इथे दुसऱ्या कुणाला येत नाहीत."

घरी नवरा म्हणाला, "अगं, कशाला डोक्याला ताप? नको सांगून टाक. नाहीतर मी येतो सोबत. अडलीस की मी आहे ना."

"तुम्हाला झाडं कुठे माहितीयेत?"

"बघू ना तेव्हाचं तेव्हा."

नको सांगणं अगदी सोपं होतं. पण मला तो रविवार हवा होता. इतका हवा होता की स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं मी त्या जंगलात मुकी फिरले होते, आणि आता ते बंद झालं तर मला जायला दुसरी जागा नव्हती.

मग मी माझी नेहमीची हुशारी केली. वाटेवरच्या झाडांची यादी काढली आणि प, ब, म ची झाडं खोडून टाकली. पळस गेला, पांगारा गेला, बहावा, बिब्बा, मोह गेले. उरले साग, ऐन, खैर, कुडा, शिवण, उंबर, काटेसावर. एक शनिवार पार्कात घालवून अशी वाट शोधली जिच्यावर उरलेलीच झाडं जास्त होती. जंगलातून वाट काढताना लोक साप, बिबट्या बघतात. मी बाराखडी बघत होते.

रविवारी चौदा माणसं आली. त्यांत एक नवरा, नवी टोपी घालून. एक वेसाव्याची मासे विकणारी मावशी होती, नातीला घेऊन आलेली. दोन-तीन कॉलेजची मुलं होती. सुरुवात झकास झाली. साग झाला, ऐन झाला, खैराच्या काताची गोष्ट मी न अडता सांगितली. नवऱ्याला बोलायला वावच मिळेना. आणि माझ्या वाटेच्या तोंडाशी आलो तर तिथे दोरी बांधलेली. वनरक्षक म्हणाला, "काल संध्याकाळी इथे बिबट्या दिसलाय. तिकडच्या बाजूने जा."

तिकडची बाजू म्हणजे ओढ्याकाठची वाट. फेब्रुवारीत त्या वाटेवर एकही पान नसलेले, नखशिखांत लाल झालेले चार पांगारे उभे असतात. मी पावलं उचलली आणि मान खाली घालून पुढे निघाले. मागून कोणीच येईना. वळून पाहिलं तर सगळे पहिल्याच झाडाखाली थांबले होते.

"ताई, ह्याचं नाव काय गो?" मावशीने विचारलं.

मी परत आले. ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. "प," कसंबसं निघालं. "प... प..."

"पळस," नवरा म्हणाला. तयारच होता.

नेहमीसारखी माझी मान डोलायला निघाली होती. पळस म्हटलं असतं तर पुढे जाता आलं असतं. तिथे कुणाला काय कळणार होतं. पण तो पळस नव्हता. पळसाला काटे नसतात, आणि ह्या खोडावर काळे काटे होते. मी मान आडवी हलवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

नवरा गोंधळला. "पिंपळ?" एका मुलाने विचारलं. मी पुन्हा मान हलवली. "पारिजातक?" दुसरी म्हणाली. "पारिजातक एवढा असतो का यार," तिसरा म्हणाला, आणि मग सगळ्यांचे शब्द संपले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे मला कोणी मदत करूच शकत नाही. तो शब्द तिथे फक्त माझ्याकडे होता. हवा असेल तर त्यांना थांबावंच लागणार होतं, आणि ते थांबले. वर साळुंक्या फुलांत चोची घालून भांडत होत्या. सगळे तिकडे बघू लागले. नातीने खोडाला हात लावला आणि काटा टोचला म्हणून मागे घेतला. मला कसलीच घाई राहिली नाही.

"पांगारा," मी म्हटलं.

इतका आनंद मला मुलगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता. मग मी सुटलेच. ह्याचं लाकूड हलकं, सावंतवाडीची खेळणी पूर्वी ह्याचीच करायचे, कोकणात मिरीचा वेल ह्यावरच चढवतात. दर तिसऱ्या शब्दाला अडत होते आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. पुढे मोह आला, बहावा आला, बिब्बा आला. यादीतून खोडलेली सगळी झाडं मी एकेक करून दाखवली. दीड तासाचा फेरा अडीच तास चालला. बिब्ब्यापाशी तर मी इतका वेळ अडले की मावशीने खाली बसून पाय मोकळे केले.

गेटवर आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की काका आता येणार नाहीत. मावशीने पदराने घाम पुसला आणि विचारलं, "मग पुढच्या महिन्यात कोण नेणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि "म" वर अडकले. ह्या वेळी शब्द कुणालाही माहीत नाही असं नव्हतं. चौदाच्या चौदा जणांना तो ठाऊक होता. त्या लहान नातीलासुद्धा. नवऱ्याने सवयीने श्वास घेतला, त्याचे ओठ हलले, आणि मग त्याने टोपी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला.

"म... म..."

सगळे वाट बघत उभे राहिले.

"मीच," मी म्हटलं.