नुसत्या अल्कोहोलची नळी

"मी डीएनए काढतो," असं बाबाराव थूल नव्या माणसाला सांगत, आणि तो जरा दबला की लगेच पुस्ती जोडत, "मिठानं काढतो बरं. बारावी नापास आहो." पवनारहून सायकल हाणत ते वर्ध्याच्या कडेच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात यायचे. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून वीस वर्षं झाली होती, आणि आपल्या हाताच्या सफाईबद्दल त्यांच्या मनात, त्यांच्याच शब्दांत, गावाला वाटून उरेल एवढा गैरसमज होता.

दोन हजार चार साली हर्षा नावाची एम.डी.ची विद्यार्थिनी त्यांच्या टेबलाशी आली. गुळवेलीच्या अर्कानं रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. पेशी मेली की नाही हे कळणं सोपं असतं. निळा रंग टाकायचा, मेलेली पेशी तो पिते, जिवंत पेशी पीत नाही. पण ती कशी मेली हे कळायला तिचा डीएनए काढून जेलीच्या पातळ वडीत वीज लावून पळवावा लागतो. पेशीनं शिस्तीत स्वतःला संपवलं असेल तर डीएनएचे तुकडे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात. नुसतीच फुटून मेली असेल तर धुरकट पट्टा. हर्षाला शिडी हवी होती.

डीएनए काढायचं तयार किट परदेशी होतं, त्याची किंमत ऐकून तिचे सर खिडकीबाहेर बघू लागले. उरलं फिनॉल, नाहीतर मीठ. बाबारावांनी छातीठोकपणे फिनॉल निवडलं, कारण कपाटात एक जुनी बाटली होती आणि बाटलीतलं काही फेकायचं नाही हा त्यांचा बाणा. फिनॉल गुलाबी पडलं होतं, म्हणजे खराब झालं होतं. बाबारावांना मात्र तो रंग शुभ वाटला. डीएनएचा खिमा झाला.

घरी बायकोला, सुलोचनाबाईंना, हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बुरशी आलेलं लोणचंही तुमाले फेकवत नाई. त्या पोरीले काऊन खाऊ घालून राह्यले?"

मग मीठ. दाट मिठाच्या पाण्यानं प्रथिनं खाली बसवायची, वरच्या पाण्यात गार अल्कोहोल सोडायचं, की डीएनए वेगळा होतो. या वेळी शिडी आली, अगदी पायरी न् पायरी. बाबारावांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला, जेलीचा फोटो सूचनाफलकावर लावला, आणि आठवडाभर असे चालले की जणू कर्करोग त्यांनी एकट्यानं पवनारच्या शिवेबाहेर हाकलला होता.

तो फोटो ते रोज येता-जाता कौतुकानं बघत. जेलीत प्रत्येक नमुन्याला एकेक घर असतं; बघता बघता एक दिवस आठव्या घरावर नजर अडली. त्या घरात नुसत्या अल्कोहोलची नळी जायची होती. अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, तेव्हा अर्काशिवाय तेवढंच अल्कोहोल पाजलेल्या पेशीही तपासाव्या लागतात. ती नळी बाबारावांनी मोरीत ओतली होती आणि हर्षाला "जागा नाई पुरली, त्यात काय दिसनार आहे," असं सांगितलं होतं. खरं म्हणजे त्यांना जन्मात एकदा स्वतःचा डीएनए बघायचा होता, म्हणून त्या घरात आपल्याच रक्तातला लावला होता. लोक जत्रेत फोटो काढून घेतात, यांनी जेलीत काढून घेतला.

वर, अर्क नीट विरघळावा म्हणून अल्कोहोलही त्यांनीच सढळ हातानं घातलं होतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात अल्कोहोलच्या कपाटाची किल्ली ज्याच्या करगोट्याला, त्या निर्व्यसनी माणसानं पेशींना मात्र पोटभर पाजली.

रविवारी एकटेच जाऊन त्यांनी ती नळी नव्यानं लावली. मंगळवारी जेली दिव्यावर धरली. शिडीच होती, तेवढीच स्वच्छ. पेशी गुळवेलीनं मेल्याच नव्हत्या.

प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. हर्षा पास झाली असती, फलकावरचा फोटोही राहिला असता. सांगितलं तर तिचे सहा महिने जाणार आणि आपलं नाक कापलं जाणार. दिवसभर ते नळ्या घासत राहिले, घासलेल्या पुन्हा घासत राहिले, आणि संध्याकाळी हर्षासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ते औषध नाई. माह्यं अल्कोहोल आहे ते. अन् जागा होती. मी तिथं माह्यं रक्त लावलं."

"तुमचं रक्त, काका?" एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली.

कमी अल्कोहोल घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्या महिन्यांत ती "ती नळी द्या" याच्या पलीकडे त्यांच्याशी बोलली नाही. गुळवेलीचा परिणाम जवळपास शून्य निघाला. प्रबंध एवढा पातळ झाला की बांधणाऱ्यानं विचारलं, बाकीची पानं कुठं आहेत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. बाबाराव बिस्किटांची बशी घेऊन दारात पोचले तेव्हा परीक्षक विचारत होते, "अर्क अल्कोहोलमध्ये होता ना? मग नुसत्या अल्कोहोलची नळी लावली होती?"

"लावली होती, सर," हर्षा म्हणाली. "आमच्या थूलकाकांनी लावली. त्यांनी ती लावली नसती तर मी खोटंच लिहिलं असतं."

मोरीत ओतलेल्या नळीबद्दल ती बोलेल म्हणून बाबाराव थांबले होते. ते न सांगताच तिनं प्रबंधाचं पुढचं पान उलटलं. मग त्यांना तिथं उभं राहवेना. ते बशी घेऊन तसेच मागे फिरले, आणि परीक्षकांना बिस्किटं मिळालीच नाहीत.