दिगूच्या घड्याळातली दोन मिनिटं

दिगूच्या भाचीचा, मृणालचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या साइटवर फरशीवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होतो. “काका, मामा गेले,” एवढंच ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि फरशीवाल्याने सांगितलेला भाव दिला. तो माझ्याकडे बघतच राहिला. तीस वर्षं धंदा करतोय, पण पहिला सांगितलेला भाव मी कुणाला दिल्याचं त्याला काय, मलाही आठवत नाही. त्याला दीड महिना झाला...

दिगू म्हणजे दिगंबर कोळवणचा, मी शेजारच्या खोऱ्यातला. तो पिरंगुटच्या एका कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचा. मी टेम्पोत वाळू भरण्यापासून सुरुवात करून प्लॉटच्या धंद्यात आलो. नव्व्याण्णव साली मुळशीच्या पाण्याकाठी एक जमीन बघायला गेलो असताना पाण्यावर सात शिडं दिसली. एकेका फळीवर एकेक माणूस उभा राहून हातांनी शीड पेलत होता. काठावर शिट्टी घेऊन बसलेल्या दिगूला मी विचारलं, यातली भारी फळी कुठली? तो म्हणाला, सगळ्या सारख्याच. कुणीतरी काठावर खेळांचं दुकान मांडून मोडलं होतं, त्याच्या या सात फळ्या. एकाच मापाच्या, एकाच बनावटीच्या, दिगूने दुरुस्त केलेल्या. शर्यतीआधी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची आणि जो नंबर येईल ती फळी घ्यायची. मला ते पटलंच नाही. पुढे मीही शर्यतीत उतरलो आणि स्वतःची नवी फळी आणतो म्हणालो, तर दिगूने नको म्हटलं. एकदा मटणाच्या जेवणाच्या बोलीवर मी एकाशी चिठ्ठी बदलून घेतली, तेव्हा दिगूने सातही चिठ्ठ्या परत डब्यात टाकायला लावल्या. जेवण मात्र मला घालावं लागलं.

त्या पाण्यावर सकाळी वारा असून नसल्यासारखा असतो. दिगूने बांबूला कॅसेटची जुनी फीत बांधली होती. ती जेमतेम हलली की तो शर्यत सोडायचा. तेव्हा हलकी माणसं पुढे जायची आणि सगळ्यांत पुढे दिगूची भाची मृणाल. ती बावधनला राहून कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करायची. दुपारी घाटाकडून वारा उतरला की फीत आडवी व्हायची, हलकी पोरं शिडासकट पाण्यात पडायची आणि माझं नव्वद किलो वजन कामाला यायचं. दुपारच्या शर्यती मी बऱ्याच जिंकलो. पण काठावर हसून बोललं जायचं, शेठ जिंकत नाहीत, त्यांचं वजन जिंकतं. हे मला फार लागायचं. आयुष्यात जे मिळवलं ते डोक्याने मिळवलं होतं, आणि इथे मला वाळूची गोणी ठरवत होते.

म्हणून दोन हजार चारच्या उन्हाळ्यातली ती सकाळ मी विसरत नाही. मोसमातली शेवटची शर्यत होती. ती जिंकली असती तर कप माझा, नाहीतर मृणालचा. वारा मंद होता, तरीही मी पुढे होतो. सगळे सरळ मधून गेले आणि मी काठ धरला, कारण तिथे पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसत होत्या. दोन्ही खुणा वळून मी शेवटच्या रेषेकडे निघालो तेव्हा मागचा माणूस निदान शंभर हात मागे होता. आणि मग वारा पडला. पार पडला. नियम असा होता की पहिल्या माणसाने तासाभरात रेषा ओलांडली नाही तर शर्यत रद्द. काठावर दिगू घड्याळ हातात धरून उभा होता. मी ओरडलो, “दिगू, दोन मिन्टं दे की रं.” त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तास भरला, शिट्टी वाजली.

मी चिडून काठावर आलो आणि सगळ्यांदेखत बोललो, “घाल कप भाचीच्या पदरात. त्याच्यासाटीच उभा व्हतास ना?” दिगूने शिट्टी खिशात टाकली. झेंडा गुंडाळला, फळ्या मोजल्या आणि त्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. मृणाल कपाला हात न लावता एसटीने निघून गेली.

वर्षभर मी तिकडे फिरकलो नाही. मग एक दिवस दिगूच भूगावला आला. नवीन शिडासाठी कापड बघायला जायचंय, भाव करायला चल म्हणाला. मी गेलो. परत पहिल्यासारखं जाणं-येणं सुरू झालं. पण चहाला बसलो की मी तो विषय काढायचोच. धा हात ऱ्हायलं व्हतं, दोन मिन्टांत तुजं काय जात व्हतं? तो बशीत चहा ओतायचा, फुंकर मारायचा आणि फक्त “घड्याळ” म्हणायचा. एकदा तरी त्याने चुकलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नुसतं तोंडदेखलं म्हणाला असता तरी चाललं असतं.

मागच्या वर्षी त्याचं हृदय थकलं. चार पावलं चालला की धाप लागायची. शर्यतीच्या दिवशी जांभळाखाली खुर्ची टाकून बसला आणि घड्याळ, शिट्टी माझ्या हातात दिली. मीच का म्हणून विचारलं तर म्हणाला, “तू कुनाला फुकाट काय देत न्हाईस.” सगळे हसले. मीही हसलो.

त्या सकाळी मृणाल पुढे होती. रेषेजवळ आली आणि वारा पडला... पाणी आरशासारखं झालं. फीत बांबूला चिकटून लोंबत होती. मागून पोरं म्हणायला लागली, द्या काका, होईल तिचं. मृणाल मात्र शीड धरून रेषेकडे बघत उभी होती. मी दिगूकडे पाहिलं, तर तो भलतीकडेच धरणाच्या दिशेने बघत होता. मिनिटकाटा बारावर आला, तास भरला आणि मी शिट्टी वाजवली. ती नियमाने वाजवली की पाच वर्षांच्या रागाने, हे मला आजही सांगता येत नाही. शिडाखाली मान घालून ती हळूहळू काठाला आली आणि म्हणाली, “मामासारखेच झालात.”

सगळे पांगल्यावर दिगूने विचारलं, “किती ऱ्हायलं व्हतं तिचं?”

“पंचवीस हात.”

त्याने माझ्याकडून घड्याळ परत घेतलं. मग म्हणाला, “तुजं बी तेवडंच व्हतं. धा न्हाई.”

मी वाद घातला नाही, कारण पंचवीसच होते. मला वाटायचं तो विसरला असेल. त्यानेही ते अंतर तितकीच वर्षं सांभाळलं होतं. भाचीबद्दल बोललो होतो ते परत घ्यायची हीच वेळ होती. जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात त्याला खोकला आला, मी पाणी आणायला गेलो आणि ते राहून गेलं. पुन्हा तशी वेळ आली नाही. ते शब्द मी आज इथे परत घेतो. चार लोकांत बोललो होतो, म्हणून परतही चार लोकांत घेतो. दोन मिनिटांचं मात्र परत घेत नाही. ती त्याने द्यायला हवी होती.

गेल्या आठवड्यात दिगूच्या घरी बोलावून वहिनींनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. चावीचं आहे, तबकडी पिवळी पडलेली. त्या म्हणाल्या, रोज सकाळी सातच्या बातम्यांना लावायचे. मी घरी आणलं, चावी दिली आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ लावून बसलो. इतक्या जुन्या घड्याळाची काय खात्री, मनात म्हटलं. माझ्या त्या शर्यतीच्या सकाळीही ते पुढेच असेल. बातम्यांआधीचे ठोके पडायला लागले. शेवटच्या ठोक्याला सेकंदाचा काटा बरोबर बारावर होता.

पुढच्या दिवशी परत लावून पाहिलं. तेच. आता रोज सकाळी सातला मी रेडिओजवळ घड्याळ घेऊन बसतो. बायको विचारते, काय एवढं बघता त्यात? एखाद्या दिवशी तरी ते पुढे सापडेल, असं मी तिला सांगतो आणि चावी देतो.