साखरशेतची भरड कॉफी

मशीनचं पोट उघडलं आणि आत आंबील निघाली.

कॉफीच्या मशीनमध्ये मी बरंच काही बघितलंय. झुरळं, चमचे, एकदा एका बँकेत कुणाच्या तरी साखरपुड्याची अंगठी. आंबील पहिल्यांदाच. तीसुद्धा छान शिजलेली.

मी ऑटोमॅटिक कॉफी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. ठाण्यात बसतो, पण पाठवतील तिथे जातो. या वेळी जव्हारजवळ साखरशेतला पाठवलं होतं. तिथे रस्त्याला लागून बचत गटाच्या बायकांचा एक छोटा स्टॉल आहे. एका कंपनीने CSR मधून, म्हणजे समाजकार्याच्या बजेटमधून, स्टॉल उभा करून दिला आणि त्यात आमचं मशीन ठेवलं. वरच्या डब्यात कॉफीच्या बिया टाकायच्या आणि बटण दाबायचं. त्या डब्याला हॉपर म्हणतात. मशीन बिया दळतं, पूड दाबतं, त्यातून गरम पाणी सोडतं आणि कप भरतं. पूड दाबून पाणी सोडणारा जो भाग, तो ब्रू युनिट. आंबील तिथे अडकली होती.

"यात काय टाकलंत?" मी विचारलं.

स्टॉल चालवणारी निर्मला म्हणाली, "नाचणी."

"नाचणी?"

"भाजून टाकली ना सायेब. कच्ची नाय टाकली."

"अहो बाई, हे कॉफीचं मशीन आहे!"

"दळतो ना तो? गरम पाणी पण तोच घालतो. मग आंबीलला आणखी काय लागतं?"

तिच्या तर्कात खोट नव्हती. मी जरा शोधली, सापडली नाही. फक्त नाचणीचं पीठ गरम पाण्यात फुगतं, आणि ब्रू युनिटला फुगायला जागा नसते. सील फाटलं होतं, मोटर जळली होती. नवं युनिट गोडाउनमधून मागवायचं म्हणजे आठवडा गेला.

आणि स्टॉल देणाऱ्या कंपनीच्या मॅडम त्याच दुपारी येणार होत्या.

त्या का येणार होत्या, ते निर्मलानेच सांगितलं. स्टॉल चाचणीवर होता. चालतोय असं वाटलं तर इथेच राहणार, नाहीतर मशीनसकट जव्हारच्या एका रिसॉर्टला जाणार. स्टॉल गेला की दिवाळीनंतर निर्मला आणि तिचा नवरा जगायला जाणार. इकडे असंच म्हणतात. कामाला जातो म्हणत नाहीत, जगायला जातो म्हणतात. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, थेट पावसाळ्यापर्यंत. पोरगी आठवीत. ती बरोबर गेली की शाळा संपली.

"आधी भट्टीवर नेली, तर शाळेत दोन वर्षं मागं पडली ती," निर्मला म्हणाली. "हुशार हाय हो पोर. आता परत नाय न्यायची मला."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटून ब्रू युनिट दुरुस्त होत नाही.

आमच्या सर्व्हिस मॅनेजरना, देशमुखांना, फोन लावला.

"राणे, काहीही करा, demo झाला पाहिजे."

"कशाचा demo? मशीन परातीत काढून ठेवलंय."

"मग कॉफी तरी ताजी दळलेली द्या. आणि बिघाडाचं विचारलं तर व्होल्टेज सांगा. गावाकडे व्होल्टेज कुणालाही पटतं."

ताजी दळलेली म्हणे. बिया होत्या, दळायला काय होतं? मी निर्मलाकडे मिक्सर मागितला. मिक्सर नव्हता. जातं होतं. स्टॉलच्या मागेच तिचं घर. पडवीत तिची सासू सोनीबाई जात्याशी बसली होती. काय दळत होती ते सांगायला नकोच.

आधी जातं साफ करायला हवं होतं. नाचणीचा अंश राहिला तर पुन्हा आंबील. मी म्हटलं, पुसून घ्या, मग मूठभर तांदूळ दळून टाकून द्या, मग मूठभर बिया दळून त्याही टाकून द्या. सोनीबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच सांडलेला तांदूळ आहे.

"टाकून द्यायचा? तांदूळ?"

"कोंबड्यांना घाला."

"मग तसा बोल ना."

मग तिने कॉफी दळली. अशी बारीक, की बोटाला लागत नव्हती. मी पातेल्यात पूड घातली, वर गरम पाणी ओतलं, ढवळलं, झाकण ठेवलं आणि थोड्या वेळाने सुती फडक्यातून गाळायला घेतली. गळेचना. फडकं चिकट गाळाने बंद. पिळलं तेव्हा जे आलं ते मी चाखलं. जीभ आखडली.

आमच्या धंद्यात याला over-extraction म्हणतात. पूड जितकी बारीक, तितका तिचा अर्क पाण्यात पटापट उतरतो. आधी चव उतरते, मग नुसता कडूपणा. मशीनमध्ये पाणी जोराने आणि झटकन जातं, म्हणून तिथे बारीक चालते. पातेल्यात मुरवायची तर जाडसर हवी, रव्याहून थोडी मोठी.

"मावशी, जाड दळा."

"जाड?" सोनीबाई उखडली. "लगीन होऊन आले तवापासून माझ्या दळणाला कोणी नाव नाय ठेवला!"

"अहो, नाव नाही ठेवत. तांदळाच्या कण्यांसारखं हवंय."

"भरड म्हण की मग! इंजिनेर हाय ना तू?"

भरडायला जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, थोडी उचलावी लागते. मधल्या खिळ्यात चिंधीची चकती घातली की ती उचलली जाते. निर्मलाने घातली. एक चकती कमी पडली, दोन जास्त झाल्या, बिया अख्ख्याच बाहेर आल्या. शेवटी मी टूलबॉक्समधला रबरी वॉशर दिला. आमच्या मशीनचाच होता. त्या दिवशी मशीनचा तेवढा एकच उपयोग झाला.

भरड बरी आली. पाणी उकळल्यावर जरा थांबलो, कारण खळखळतं पाणी ओतलं तरी कॉफी कडवट होते. फडक्याला साबणाचा वास होता, ते दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं. कॉफी मुरली, गाळली. चाखली. चांगली होती. मी स्वतः दुसऱ्यांदा घेतली, आणि मी एरवी चहावाला आहे.

तेवढ्यात गाडी आली. मॅडम आणि बरोबर कॅमेरावाला. मॅडम थेट परातीपाशी गेल्या.

"मशीनला काय झालं?"

मी तोंड उघडलं. "मॅडम, इकडे व्होल्टेज—"

"मी नाचणी घातली त्याच्यात," निर्मला म्हणाली.

झालं! मी मनात म्हटलं, बाई, तुझा स्टॉल तूच उचललास.

"नाचणी? का?"

"इथं यष्टी थांबते. मास्तर असतात, दवाखान्यातल्या बाया असतात, सकाळचे उपाशी. कॉफी पिऊन भूक जात नाय ना. म्हटला, गरम आंबील देऊ. तो बिघडेल असा नव्हता वाटला." ती हात पदराला पुसत राहिली. हात कोरडेच होते. "माझी चूक हाय. ह्यांची नाय."

मी कप पुढे केला, दुसरं काय करणार. मॅडमनी घोट घेतला, मग आणखी एक.

"ही कुठून आली?"

पडवीत नेलं. सोनीबाई जातं झाडत होती. कॅमेरावाल्याचे डोळेच चमकले. इतका वेळ तो उघड्या मशीनकडे तेराव्याला आल्यासारखा बघत होता.

"आजी, जरा फिरवा ना जातं."

"रिकामा जाता नाय फिरवत. अवदसा येते घरात."

मग तिने बिया घालून घेतल्या, तेव्हाच खुंट्याला हात लावला. फोटो काढता काढता मॅडमची कॉफी गार झाली. तरी त्यांनी संपवली, हे मी पाहिलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "कळवते." निर्मलाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. गाडी वळेपर्यंत ती उभी होती. मग आत जाऊन भांडी घासायला बसली. मी परत निघालो तेव्हाही तिने वर पाहिलं नाही.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. स्टॉल साखरशेतलाच राहणार. कॉफी कशी झाली होती, याचा त्यात उल्लेख नव्हता म्हणे. मॅडमच्या वरच्या ऑफिसला जात्याचा फोटो आवडला होता. हाताने दळलेली कॉफी आणि सोबत नाचणीची आंबील, असं ठरलं. मशीन आम्ही परत न्यावं.

देशमुखांनी मला तासभर झापलं. AMC गेली होती. AMC म्हणजे मशीनच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट. ते मिळवायला आम्ही गावोगाव हिंडतो. मी त्या दिवशी एक पातेलं आणि फडकं वापरून ते घालवलं होतं.

मशीन आणायला मीच गेलो, दिवाळी उलटल्यावर. भट्टीचा ट्रक येऊन गेला होता. पाड्यातल्या बऱ्याच दारांना कुलूप. निर्मलाचं दार उघडं होतं. नवरा स्टॉलला शेड टाकत होता. पोरगी गणवेशात, दप्तर पाठीला लावून, यष्टीची वाट बघत उभी. मी उगाच वायर गुंडाळत बसलो.

निर्मलाने समोर आंबील ठेवली.

"कॉफी नाही का?" मी विचारलं.

"ती गिऱ्हाइकांना."

धडा म्हणाल तर असा, की मशीन बंद पडलं तर खरं कारण सांगावं. व्होल्टेज सांगितलं असतं तर इथे वीज नीट नाही म्हणून स्टॉल मशीनसकट रिसॉर्टला गेला असता, देशमुखांचं कंत्राट टिकलं असतं, आणि ती पोरगी आज भट्टीवर असती.