समुद्र शेवटी

गुलाबभाई प्रवाशांची परीक्षा घेत. देऊळ, चर्च किंवा किल्ला पाहून माणसं परत आली की बसच्या दारात आडवा हात लावून ते उभे राहत आणि प्रत्येकाला विचारत, "काय पाह्यलंत?" नुसतं "देऊळ" म्हटलं तर आत सोडत नसत. दीपमाळ कसल्या रंगाची होती, तळ्यात पाणी होतं का, असलं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं लागे. आमच्यातले काहीजण बाहेर चपला राखत विड्या ओढत बसलेले असायचे. ते नापास होत आणि कुरकुरत पुन्हा आत जात.

यामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच सहलीत सांगितलं. "जाधवराव, ही मानसं गोव्याला कशापायी येत्यात ते मला म्हाईत हाय, तुमाला म्हाईत हाय. पन घरी सांगून येत्यात, देवाला चाललो. उद्या बायकू इचारंल, देवी कशी हाय? मग ह्यो काय सांगनार, बाटली कशी हाय? खोटं बोलायचं तर निदान खरं बघून बोलावं मानसानं."

चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी टूलरूमचा सुपरवायझर होतो. आमच्या विभागाची दरवर्षी दिवाळीनंतर सहल निघे, आणि ती जवळजवळ नेहमी गोव्यालाच. गाडी ठरवायची आणि माणसं मोजून परत आणायची, हे काम माझ्याकडे असे. गाडी गुलाबभाईंची. ते मूळचे चऱ्होलीचे. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं आणि स्वतःच्या मालकीची एक बस. एरवी ती कंपन्यांच्या शिफ्टची ने-आण करी. मेंदीने लाल केलेले केस, शर्टाच्या खिशात कंगवा आणि आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये. एसी लावा म्हटलं की म्हणत, "गोव्याचा वारा आन् तुमी काचा लावून बसताय? खिडकी उघडा राव."

गोवा कसा पाहावा याबद्दल त्यांची मतं पक्की होती. अनमोड घाटाने उतरायचं. पहिलं तांबडी सुर्ल्याचं जुनं दगडी देऊळ, कारण तिथे झाडी आहे, ओढा आहे आणि माणसाचं डोकं शांत होतं. मग फोंड्याच्या बाजूची मंगेशी, शांतादुर्गा. वाटेत मसाल्याची बाग. तिथे मिरीचा वेल सुपारीवर कसा चढतो ते पाहायचं. मग जुने गोवे, पणजी, आग्वादचा किल्ला. समुद्र शेवटी. हा क्रम ते मोडू देत नसत. "समिंदर आधी दावला की मानूस माघारी गाडीत बसत न्हाई," ते म्हणत. "ह्ये येवढंसं राज्य. पन उलटं बघाय गेलात तर हाताला वाळूच लागती."

देवळांत ते स्वतः जात नसत. गाडीपाशी थांबत, आणि आत काय आहे ते त्यांना प्रवाशांच्या उत्तरांतूनच कळलेलं असे. त्यामुळे त्यांच्या ज्ञानात गमतीही होत्या. आमच्या एका टर्नरने एकदा त्यांना ठोकून दिलं की तांबडी सुर्ल्याच्या काळ्या दगडात लोखंड आहे. पुढे कितीतरी वर्षं ते नव्या माणसाला छातीठोकपणे सांगत, "दगड दिसतोय, पन आत लोखंड हाय. तुमच्याच कंपनीतल्या मानसानं तपासलंय." जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये मात्र ते आवर्जून आत येत आणि मागच्या बाकावर बसून राहत. "देवाच्या घरात बसाय बाकडी ठेवली, ह्ये चांगलं केलं ह्यांनी. गुडघं दुखनाऱ्याचा इचार केला."

आमच्या शेजारी सावंतवहिनी राहत. माहेर-सासर दोन्ही सावंतवाडीकडचं. नवरा वारल्यावर त्या आपल्या मुलीच्या आधाराने थेरगावातच राहिल्या. गुलाबभाईंचं घर त्यांना माहीत होतं; गावाहून परतल्या की कोकमं, कुळथाचं पीठ त्या घरी पोहोचवत. मुलीला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा वहिनींना शांतादुर्गेची ओटी भरायची होती. नवस होता. त्यांचं स्वतःचं जाणं होईना. आमची सहल निघाली तेव्हा त्यांनी हिरव्या पिशवीत साडी, खण, नारळ घालून पिशवी माझ्या हाती दिली. "भावोजी, तुमी न्या. तुमच्या हातून पोचली म्हंजे मीच गेलंय असं होईल."

मी पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागच्या खणात ठेवली. गुलाबभाईंनी ती तिथून काढून वरच्या फळीवर ठेवली. "खाली पाय लागत्यात," म्हणाले.

त्या वर्षी क्रम मी बदलला. विभागातली तरुण मुलं मागे लागली होती, आणि खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं. आंबोलीने उतरून थेट किनारा गाठायचा आणि देवळं येताना करायची. गुलाबभाईंनी विरोध केला. मी म्हणालो, "सहल आमची आहे." त्यांनी कंगवा काढून केस विंचरले आणि गाडी चालू केली.

पुढे काय झालं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं. परतीच्या दिवशी सकाळी निघायचं, ते दुपार टळली तरी आम्ही वाळूत. हॉर्न वाजत होता. शेवटी एकेकाला दंडाला धरून त्यांनी गाडीत बसवलं, मलाही. मी बराच प्यालो होतो. फोंड्याच्या अलीकडे मी म्हणालो, "देऊळ राहू द्या. सरळ चला. उद्या पहिली शिफ्ट आहे." ते म्हणाले, "वहिनींची वटी हाय." आणि गाडी देवळाकडे वळवली.

शांतादुर्गेच्या देवळासमोर गाडी उभी राहिली. दार उघडून त्यांनी मला हाक मारली. "उतरा, जाधवराव." मी उतरलो नाही. तोंडाला वास येत होता आणि पाय नीट पडत नव्हते. तशा अवस्थेत देवीसमोर जाण्याची लाज वाटत होती, आणि ती लाज बाकीच्यांसमोर कबूल करण्याची त्याहून जास्त. बाकीचे बहुतेक झोपले होते, जागे होते ते माझ्यासारखेच होते. मग गुलाबभाई म्हणाले, "ती समोर फुलवाली बसलीय. माझ्या वळखीची हाय. तिच्या हातात देतो, ती आत जाऊन भरंल. नाव तेवढं सांगा वहिनींचं." आणि त्यांनी फळीवरच्या पिशवीकडे हात नेला.

मी म्हणालो, "ओटीला तू हात लावू नकोस."

एरवी मी त्यांना अहो-जाहो करत असे. निघताना त्यांनीच ती पिशवी फळीवर ठेवली होती, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला, पँटला पुसला आणि स्टिअरिंगवर बसले. घाट चढताना ते नेहमीप्रमाणे बोलत होते, पुढे बसलेल्यांना दूधसागर कुठल्या बाजूला पडतो ते दाखवत होते. चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सगळ्यांना विचारलं, "काय पाह्यलंत?" मुलं हसून म्हणाली, "वाळू." मला त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मी वहिनींच्या दारात उभा राहिलो. नारळ तसाच, साडीची घडीही न मोडलेली. त्या पिशवीकडे पाहत राहिल्या. मी म्हणालो, "ड्रायव्हरने गाडी देवळाकडे वळवलीच नाही."

एवढंच बोललो. गुलाबभाईंचा धर्म मी काढला नाही, त्याची गरज पडली नाही. ऐकणाऱ्यांनी तो आपापला जोडून घेतला. वहिनींनी जिन्यात कुणाला सांगितलं, तिथून ते आमच्या विभागात आलं, आणि येईपर्यंत वाक्य वाढलं होतं. कॅन्टीनमध्ये एकजण मला म्हणाला, "बरोबर आहे, त्याला कशाला देवीचं पडलंय." त्या गाडीतले आणखीही तिथे होते, जे झोपेत होते त्यांना माहीत नव्हतं आणि जे जागे होते त्यांना माझ्यासारखंच गप्प बसणं सोयीचं होतं. मी डबा खात राहिलो.

पुढच्या वर्षी विभागाने दुसरी गाडी ठरवली. मग शेजारच्या विभागानेही. दिवाळीनंतर गुलाबभाई कंपनीच्या गेटवर मला भेटले. "का वो जाधवराव, यंदा आमची गाडी न्हाई?" मी म्हणालो, "वरून ठरलं." ते म्हणाले, "ठीक हाय. समिंदर शेवटी ठेवा म्हनावं त्याला." नव्या ड्रायव्हरने काय शेवटी ठेवलं ते मला माहीत नाही. मी त्यानंतर सहलीला गेलो नाही.

वहिनींच्या नातवाला ताप आला की त्या म्हणायच्या, "ओटी राहिली ना." मी शेजारच्या घरात ते ऐकायचो. पुढे वहिनी मुलीबरोबर चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत राहायला गेल्या आणि निवृत्तीनंतर मी मोशीला आलो, तेव्हा ऐकू येणं तेवढं थांबलं.

गेल्या उन्हाळ्यात गुलाबभाई गेले. मला उशिरा कळलं. कळल्यावर मी आधी वहिनींकडे गेलो आणि झालं ते सगळं सांगितलं. नातू बाहेर बाईक धूत होता, चांगला उंच झालाय. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे गाडी देवळासमोर होती?"

"होती."

"आणि मी त्यांच्या घरी कोकमं देणं बंद केलंय." मग म्हणाल्या, "हे माका सांगून काय उपयोग, भावोजी? त्यांच्या घरी जावा."

गेलो. गॅरेज आता मुलाकडे आहे. गुलाबभाईंच्या बायकोने, हलीमाभाभींनी, मला ओळखलं. मी बोलत असताना त्या दाराला टेकून उभ्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्यांनी घरात कधी सांगितलं न्हाई. पन त्या सालापासनं गोव्याचं नाव काढू देत नव्हते. कुनी भाडं घेऊन आलं तरी न्हाई म्हनायचे. आमी म्हनायचो, गुडघं दुखत असतील." मग म्हणाल्या, "मला सांगून आता काय व्हनार? ज्यांनी ऐकलं व्हतं त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. आमच्या विभागातले निम्मे लोक अजून हयात आहेत, पिंपरी-चिंचवडातच आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणी मुला-नातवंडांना गोव्याला धाडताना अजूनही त्या 'देवळाकडे न वळणाऱ्या' ड्रायव्हरची गोष्ट सांगत असेल, तर ती खोटी आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी अनमोडने उतरावं. तांबडी सुर्ल्याच्या दगडात लोखंड नाही, पण देऊळ पाहण्यासारखं आहे. फोंड्याची देवळं, जुने गोवे, आग्वाद हे सगळं आधी पाहावं आणि समुद्र शेवटी.

वहिनींची ओटी आम्ही डिसेंबरात भरली. पिशवी वहिनींनीच हातात धरली होती. बाहेर येऊन गाडीत बसताना दारात आडवा हात नव्हता, काही विचारायला कुणी नव्हतं. त्या सालचं माझं उत्तर द्यायचं राहिलं आहे, ते इथे देतो. गुलाबभाई, मी दीपमाळ पाहिली, काचेतून. समोर बसलेली फुलवाली पाहिली. पिशवीकडे गेलेला तुमचा हात पाहिला, आणि तो मागे येतानाही पाहिला.